कसले तीन?

कसलेबाई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा एकेचाळीस वर्षांच्या होत्या. हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. आम्ही पहिल्याच आठवड्यात पाडलेलं. कुणी कुठलाही आकडा उच्चारला की बाई मान वर करून विचारायच्या, "कसले?" "पाच आलेत" म्हटलं की "कसले पाच?" "दोन राहिलेत" म्हटलं की "कसले दोन?" मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, घरी घड्याळात सात वाजले तरी विचारता का हो, कसले सात?" त्या शांतपणे म्हणाल्या, "विचारते ना. सकाळचे की संध्याकाळचे?" सगळे हसले, आणि माझ्यावरच हसले.

मी इथला सगळ्यांत जुना. सव्वीस वर्षं लिफ्टचे प्रोग्राम लिहितोय. लिफ्ट कुठे थांबणार, दार कधी उघडणार, चौघांनी चार मजल्यांवर बटणं दाबली तर आधी कुणाकडे जाणार, हे इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीतला एक छोटा संगणक ठरवत असतो, आणि त्याला शहाणपण शिकवायचं काम आमचं. माझा स्वभाव तापट आहे. ही हकीकत बाईंची आहे, पण तिच्यात माझी जी फजिती झाली ती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

बाई आधी अकरा वर्षं बुटांच्या एका गोदामात होत्या. बुटांच्या गोदामात सात हा आकडा फार चावट असतो. सात नंबरचं माप असतं, सात नंबरचं कपाट असतं आणि कपाटात सातवा कप्पाही असतो. चिठ्ठीवर नुसतं 'सात' लिहून आलं की माणूस शिडी चढून भलताच खोका घेऊन उतरायचा. बाईंनी पत्र्याचे बिल्ले कापून घेतले. मापासाठी गोल, कपाटासाठी चौकोनी, कप्प्यासाठी तिकोनी. मागणीच्या फळीवर त्याच आकारांची भोकं पाडली. चौकोनी बिल्ला गोल भोकात जाईच ना! आणि प्रत्येक कपाटाला एक, असे मोजून तेवढेच खिळे; कपाट तपासलं की त्याचा बिल्ला त्याच्या खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी एखादा खिळा रिकामा दिसला की कुठलं कपाट तपासायचं राहिलं ते न विचारता कळायचं.

"युक्ती माझी नाही," बाई सांगायच्या, "सासूबाईंची." सासूबाईंची नजर हळूहळू गेली, पण स्वयंपाकघर त्यांनी सोडलं नाही. मिठाचा डबा चौकोनी, साखरेचा गोल. एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही. हाताने चाचपलं की काम झालं. सुरुवातीला बाई त्यांना म्हणायच्या, तुम्ही जरा जपून करा म्हणजे चुकणार नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "जपून जपून माणूस दमतो गं. डबा दमत नाही."

गोदाम बंद पडलं तेव्हा बाईंच्या पदरात एक शाळकरी मुलगी होती आणि नवरा चष्म्याच्या काचा घासण्याच्या कामावर. संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं जाऊन त्या प्रोग्रामिंग शिकल्या. नवऱ्याने कधी 'या वयात कशाला' म्हटलं नाही. केसाच्या अर्ध्या जाडीइतकी चूक झाली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, हे रोज बघणारा माणूस तो. बायको बारकाईने वागते याचं त्याला कौतुकच होतं. मला मात्र त्याचा ताप व्हायचा.

कारण बाईंनी येऊन चार महिने होत नाहीत तोच माझ्या प्रोग्रामला हात घालायची परवानगी मागितली. माझ्या प्रोग्राममध्ये मजला म्हणजे नुसता आकडा होता, लिफ्ट म्हणजे नुसता आकडा आणि दार म्हणजेही नुसता आकडाच. बाई म्हणाल्या, "सर, यांना वेगवेगळे प्रकार करू या. मजल्यांच्या तक्त्यात फक्त मजल्याचाच आकडा शिरेल. चुकून लिफ्टचा द्यायला गेलो तर कंपाइलरच अडवेल." कंपाइलर म्हणजे आम्ही लिहिलेलं यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्राम. त्याला काही पटलं नाही की तो एरर दाखवून अडून बसतो, आणि मग लिफ्टपर्यंत काहीच जात नाही.

"म्हणजे आम्ही सव्वीस वर्षं झोपा काढल्या?" मी म्हणालो. "आकडा तो आकडा. तीन म्हणजे तीन."

"कसले तीन, सर?"

मी टेबलाचा खण धाडकन लावला आणि चहाला निघून गेलो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे प्रोग्रामच्या बाबतीत फार खरं असतं. माझ्या बाब्याला कुणी शिस्त लावायची म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होई.

पुढे जे घडलं ते एका नव्या इस्पितळात. इमारत नऊ मजली, उघडून सात महिने झालेले, चार लिफ्ट, नंबर एक ते चार. प्रत्येक लिफ्टला दोन दारं. पुढचं दार सगळ्या मजल्यांवर उघडतं. मागचं फक्त तिसऱ्या मजल्यावर, कारण तिथून जुन्या इमारतीत जायला पूल आहे. बाकी मजल्यांवर मागच्या दारापलीकडे नुसती भिंत, आणि भिंत व लिफ्ट यांच्यामध्ये चार बोटांची फट.

एका मंगळवारी इस्पितळात जनरेटरची चाचणी होती. वीज गेली आणि आली. तीन नंबरची लिफ्ट सहाव्या मजल्याला लागली आणि तिने दोन्ही दारं उघडली, पुढचं आणि मागचंही. मागच्या दाराला टेकून एक आजोबा उभे होते. त्यांची काठी फटीत गेली, तोल गेला आणि मनगट मोडलं. थोडक्यात निभावलं एवढंच. पण ते वाक्य आजोबांच्या मुलीसमोर उच्चारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

लिफ्टला कुलूप लागलं, तारांच्या पेटीला सील लागलं आणि दोष लागला तारमामांना. तारमामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चार महिने. दोनच दिवस आधी त्यांनी त्याच लिफ्टच्या मागच्या दाराची दुरुस्ती केली होती. मामांची एक सवय होती. तार जोडली की ती ओढून बघायची आणि मोठ्याने म्हणायचं, "लाल, ठीक. पिवळी, ठीक." लिफ्टच्या उभ्या पोकळीत त्यांचा आवाज घुमायचा. बाई नोकरीला लागल्या तेव्हा लिफ्ट आतून कशी असते ते बघायला आपणहून गेल्या होत्या, आणि मामांनी त्यांना लिफ्टच्या टपावर उभं करून एकूण एक तार दाखवली होती. मी सव्वीस वर्षांत दोनदा वर चढलो असेन, तेही कपडे सांभाळत.

आमच्या साहेबांनी मला विचारलं, दोष प्रोग्रामचा असू शकतो का? मी एका मिनिटात निकाल दिला. "चारही लिफ्टमध्ये प्रोग्राम एकच. तो चुकला असता तर चारही चुकल्या असत्या. एकटी तीन नंबरची चुकली. म्हणजे दोष तिच्या तारांत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही माझा युक्तिवाद फार आवडला. इस्पितळाच्या इंजिनियरने गच्चीवरच्या खोलीतल्या लिफ्टच्या वहीत लिहिलं, 'कारण: मागच्या दाराच्या तारा चुकीच्या जोडलेल्या', आणि मामांना सहीसाठी बोलावलं. मामांनी सही केली नाही. त्यांना घरी बसवण्यात आलं. पुढच्या गुरुवारी तपासनीस येणार होते. त्यांनी तेच कारण कायम केलं असतं तर मामांचा परवाना गेला असता, आणि एकतीस वर्षांच्या शेवटी हातात कागद आला असता तो निष्काळजीपणाचा.

रविवारी बाई मामांच्या घरी जाऊन आल्या. सोमवारी सकाळी पिशवी खांद्यावरून न उतरवताच माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"मामांनी घरचा पंखा खोलून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "चार तारा आहेत सर त्यात. त्या त्यांना जोडता येत नाहीयेत. हात थरथरतोय. मला म्हणाले, ताई, एकतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालंय, मी तार ओढून बघितली होती ना, तेच मला खात्रीने सांगता येत नाही."

मी समोरचे कागद सारखे करायला लागलो.

"त्यांनी ओढून बघितली असणार," बाई म्हणाल्या. "आणि त्यांच्या तारा बरोबर असतील तर चूक आपली आहे."

"आणि बाकीच्या तीन लिफ्ट?"

"ते मला अजून कळलेलं नाही. म्हणूनच तो बदल आत्ता करू द्या."

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेब कातावलेले. त्याच संध्याकाळी एका चौदा मजली इमारतीचा प्रोग्राम रवाना करायचा होता. ते म्हणाले, आता नवीन खुळं नकोत. बाई म्हणाल्या, "मग मला दहा मिनिटं द्या. एकच ओळ लिहिते." साहेबांनी हात झटकला. त्याला बाईंनी होकार मानलं.

एकच ओळ लिहिली. तिचा अर्थ असा की दार किती सेकंद उघडं ठेवायचं त्या तक्त्यात, इमारतीला जितके मजले आहेत तितकेच आकडे असले पाहिजेत, नाहीतर प्रोग्राम तयारच होता कामा नये. अशा ओळीला एक निरोपही जोडता येतो. बाईंनी बटण दाबलं, कंपाइलर अडून बसला आणि पडद्यावर निरोप आला: 'मजले आणि आकडे जुळत नाहीत. मोजा.'

साहेबांनी पडद्याला बोट लावून मोजायला सुरुवात केली. तेरा. पुन्हा मोजले. तेराच. मी चष्मा पुसून मोजले, आकड्यांना माझी दया आली नाही. तक्त्यात एक आकडा कमी पडला की उरलेल्या जागी यंत्र गुपचूप शून्य भरतं. चौदाव्या मजल्याचं दार शून्य सेकंद उघडं राहिलं असतं. म्हणजे उघडताक्षणी मिटलं असतं, मध्ये कुणाचा हात असो की पाय असो. तो तक्ता मी टाइप केला होता, आणि तीन जणांनी तपासला होता.

साहेबांनी पडद्यावरचं बोट काढलं. मग म्हणाले, "बाई, बुधवार संध्याकाळपर्यंत. आणि सर, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा."

बाईंनी मजला, लिफ्ट आणि दार असे तीन प्रकार तयार केले आणि कंपाइलरला सांगितलं की यांची सरमिसळ खपवून घेऊ नकोस. पहिल्याच झटक्यात तीनशे सत्त्याऐंशी एरर आल्या. ऑफिसातली मंडळी पडद्याभोवती जमून हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, बाईंनी रोग बरा करायला रोगीच मारला. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेक एरर निरुपद्रवी होत्या. आकडा योग्यच होता, फक्त तो मजल्याचा आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी मोठेपणाने म्हणालो, "बाई, उगीच कशाला जीव काढता? मजल्याच्या तक्त्यात जे जे शिरतंय त्या सगळ्यावर एकदम 'मजला' असा शिक्का मारा. पंधरा मिनिटांत कंपाइलर गप्प."

"कंपाइलर गप्प होईल सर," बाई म्हणाल्या, "पण मग त्याला बोलायला लावलं कशासाठी?"

त्या एकेक एरर उघडायला लागल्या. प्रत्येक ठिकाणी थांबायच्या, आकडा कुठून आला ते मागे मागे जाऊन बघायच्या, आणि मला विचारायच्या, "हा कसला?" मी सांगायचो, "मजला." पुढची. "हा कसला?" "दार." दुपारपर्यंत मला त्या शब्दाची शिसारी आली. मंगळवारी सकाळी एकदोनदा मी उत्तरच दिलं नाही. बाई थांबून राहिल्या. शेजारी बसलेला माणूस न चिडता थांबून राहिला की आपण किती वेळ चिडू शकतो याला मर्यादा आहे. माझी मर्यादा पाच मिनिटं निघाली.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही दोनशे चौदाव्या एररवर होतो.

"हा कसला, सर?"

"मजला. ओळीतच लिहिलंय की, मागचं दार आहे का ते मजल्यांच्या तक्त्यात बघायचं."

"तक्ता मजल्यांचा आहे. पण त्याला दिलेला आकडा मजल्याचा नाही."

"नसायला काय झालं?"

"लिफ्टचा आहे."

मी खुर्ची पुढे ओढली. तो भाग वीज परत आल्यानंतरचा होता. वीज आली की लिफ्ट हळूहळू जवळच्या मजल्याला लागते, आणि मग प्रोग्राम तक्त्याला विचारतो, या मजल्यावर मागचं दार आहे का? त्या ओळीत मी मजल्याचा नंबर द्यायचा तो लिफ्टचा नंबर दिला होता. दोन्ही नुसते आकडे. कंपाइलरने मुकाट्याने घेतले, मी मुकाट्याने पुढे गेलो.

बाईंनी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या. लिफ्ट एक विचारते, पहिल्या मजल्यावर मागचं दार आहे का? नाही. लिफ्ट दोन विचारते, दुसऱ्यावर आहे का? नाही. लिफ्ट चार विचारते, चौथ्यावर? नाही. आणि लिफ्ट तीन, मग ती सहाव्या मजल्यावर उभी असो नाहीतर आठव्या, विचारते तिसऱ्याबद्दल. तिसऱ्यावर पूल आहे. उत्तर येतं, आहे. उघड.

म्हणून चारात एकटी तीन नंबरची. माझा तो बिनतोड युक्तिवाद! चारही लिफ्ट चुकतच होत्या. बाकीच्या तिघींची चूक फक्त दिसत नव्हती. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. मला लाज वाटली, इतकी की खिडकीतून समोरचा रस्ता दिसत होता तो दिसेनासा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातला चोर एका मिनिटात निकाल देऊन चहा प्यायला गेला होता.

आणि एक गोष्ट कबूल करतो. त्या क्षणी मनात आलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. ओळ दुरुस्त करायला चार सेकंद लागतील. उद्या नवा प्रोग्राम जाईल, लिफ्ट नीट चालेल, सगळे विसरतील. मामा तेवढे विसरणार नाहीत. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मला काहीही सुनावलं नाही. फक्त टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "मामांना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मी फोन केला. "मामा," मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुमच्या तारांत काही नाही." पलीकडे पंख्याचं पातं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग मामा अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी ओढून बघितली होती."

"बघितली होती मामा," मी म्हणालो, आणि त्यांना गुरुवारी इस्पितळात यायला सांगितलं.

उरलेल्या एकशे त्र्याहत्तर एरर बाईंनी तशाच, एकेक करून, बुधवारी संध्याकाळपर्यंत संपवल्या. मी दर वेळी चटकन उत्तर देत होतो.

गुरुवारी तपासनीस आले. उंच, रुक्ष गृहस्थ, पेनाचं टोपण काढायचं आणि लावायचं, काढायचं आणि लावायचं. इस्पितळाचे इंजिनियर होते, आमचे साहेब होते, आणि धुतलेला शर्ट घालून, हात मागे बांधून भिंतीशी उभे असलेले मामा. तपासनीस म्हणाले, "तीन नंबरच्या तारांची पेटी उघडा, तिथूनच सुरुवात करू."

"सुरुवात एक नंबरपासून करू या का?" बाई म्हणाल्या.

"एक नंबरबद्दल तक्रार नाही."

"म्हणूनच. तिच्या तारांना मामांनी कधीच हात लावलेला नाही. ती तिसऱ्या मजल्यावर न्या. नेहमीसारखी नेलीत तर पुलाकडचं मागचं दार उघडेल. पण तिथेच वीज घालवून परत आणलीत तर उघडणार नाही. दोन आणि चारचंही तसंच होईल."

टोपण थांबलं. "उघडणार नाही हे तुम्हाला इथे उभं राहून कसं माहीत?"

"कागदावर कळलंय," बाई म्हणाल्या. "खोटं ठरलं तर तारांची पेटी उघडा."

आम्ही सगळे एक नंबरच्या लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेलो. पुढचं दार उघडलं, मागचंही उघडलं, पलीकडे पूल आणि पुलावरून ढकलगाडी नेणारी परिचारिका. आम्ही बाहेर आलो आणि दारं मिटू दिली. तपासनिसांनी वीज बंद करायला सांगितली, घड्याळ बघून मिनिटभर थांबले आणि परत सुरू करायला लावली. लिफ्टमधला दिवा लागला. पुढचं दार उघडलं. आम्ही मागच्या दाराकडे बघत राहिलो. ते जागचं हललं नाही. इतके महिने तिथे कुणी अडकलं असेल ते पुढच्या दाराने बाहेर पडून, चडफडत, वळसा घालून पुलावर गेलं असेल. तक्रार कोण करतो!

"दोन नंबर," तपासनीस म्हणाले. दोन नंबरचंही दार मिटलेलंच राहिलं. चारचंही राहिलं. मग तीन नंबरचं कुलूप काढून तिला रिकामीच आठव्या मजल्यावर पाठवली, आणि आम्ही जिन्याने तिथे पोचल्यावर वीज घालवून आणली. तिने आज्ञाधारकपणे दोन्ही दारं उघडली आणि आम्हाला मागची भिंत दाखवली. इंजिनियर "अरे!" एवढंच म्हणाले.

"कशामुळे?" तपासनिसांनी विचारलं. बाईंनी ना पडदा उघडला ना कागद. त्यांनी सासूबाईंचे दोन डबे सांगितले. मीठ आणि साखर सारख्याच डब्यांत ठेवली होती, आता डबे वेगळे केलेत, आता चुकीचं झाकण बसतच नाही. मग गच्चीवरच्या खोलीत नवा प्रोग्राम चढवला. पुन्हा चारही लिफ्ट, पुन्हा वीज बंद, वीज सुरू. एक, दोन, तीन, चार, तिसऱ्या मजल्यावर चौघींनीही मागचं दार उघडलं, आणि बाकी कुठेही एकीनेही उघडलं नाही. चौथीचं दार उघडलं तेव्हा साहेब लहान पोरासारख्या टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो माझीच चूक सिद्ध झाल्याचा होता.

"ती ओळ कुणी लिहिली?" तपासनिसांनी विचारलं.

बाई आपली पिशवी आवरायला लागल्या. त्या नावच घेणार नव्हत्या, हे मला ठाऊक होतं.

"मी," मी म्हणालो. "आणि मामांवर दोष ढकलणाराही मीच. आजोबांच्या मुलीकडे आज मी जाणार आहे. दोन्ही गोष्टी लिहून घ्या."

तपासनिसांनी लिहून घेतल्या. शेवटी गच्चीवरच्या खोलीत परत जाऊन त्यांनी तारांच्या पेटीचं सीलही रीतसर काढायला लावलं. आतल्या तारा एका रांगेत, दरेकीवर रंगाची खूण. ते वाकून बघत राहिले, मग मामांकडे वळून म्हणाले, "छान काम आहे." एवढंच. मामांनी मान खाली घातली.

बाकीचे उतरायला लागले. मामा म्हणाले, "ताई, सर, जरा थांबा." त्यांनी खिळ्यावरची लिफ्टची वही काढली. जाड, तेलकट पुठ्ठ्याची वही. त्यात मेकॅनिक सोडून कुणी लिहू नये असा त्यांचा दंडक, आणि इंजिनियरने तो मोडला होता. ते पान त्यांनी उघडलं. 'कारण: मागच्या दाराच्या तारा चुकीच्या जोडलेल्या.' सहीचा रकाना रिकामा.

मामांनी ते वाक्य खोडलं नाही. पेन आधी माझ्या हातात दिलं. मी खाली लिहिलं, 'प्रोग्राममध्ये मजल्याच्या जागी लिफ्टचा आकडा. चूक माझी', आणि सही केली. मग त्यांनी पेन बाईंपुढे धरलं.

"मी कशाला मामा? ही मेकॅनिकची वही."

"दुरुस्ती ज्याने केली त्याची सही लागते," मामा म्हणाले. "नियम आहे."

बाईंनी लिहिलं, 'दुरुस्त केलं. तपासलं.' त्यांची सही झाल्यावर मामांनी वही स्वतःकडे ओढली. त्यांचा हात थरथरत नव्हता. एकेक अक्षर कोरत त्यांनी दोन शब्द लिहिले, खाली सही केली, आणि मग, सवयीने, मोठ्याने वाचले. गच्चीवरच्या त्या खोलीतून ते लिफ्टच्या पोकळीत नऊ मजले खाली घुमत गेले.

"तारा, ठीक."